एका घड्याळाची पाठचिकित्सा

आम्हांला जुन्या घड्याळांचा नाद आहे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. नाद हा शब्द जाणून वापरला आहे. छंद म्हटले की त्याला शालेय निबंधातली प्रतिष्ठा मिळते; नादात मात्र माणसाचे थोडे पैसे, थोडी अब्रू आणि बरेचसे रविवार जातात, तसे आमचे गेलेले आहेत. मलकापूरच्या आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात अकरा मनगटी घड्याळे आहेत. मलकापूर म्हणजे कराडला चिकटून असलेले, पुणे-बेंगळुरू महामार्गाने मधोमध चिरलेले आणि आगाशिवाच्या डोंगराकडे तोंड करून बसलेले गाव. या गावात जुन्या घड्याळांचा संग्राहक असण्याचे काही विशेष कारण नाही. आमच्या बाबतीत ते कारण घरातच होते, आणि ते नीट कळायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत आहे.

आमची घड्याळे बहुतेक ऑटोमॅटिक आणि पोशाखी वळणाची आहेत. पोशाखी घड्याळ म्हणजे समारंभाला घालायचे घड्याळ: पातळ, शर्टाच्या बाहीखाली सहज सरकणारे, तबकडीवर फारशी गर्दी नसलेले. पाणबुड्याच्या किंवा वैमानिकाच्या घड्याळाला काही काम करून दाखवायचे असते. पोशाखी घड्याळाला फक्त शोभायचे असते आणि वेळ सांगायची असते. त्यातून ते ऑटोमॅटिक असेल तर त्याला रोज चावी द्यावी लागत नाही. आत अर्धचंद्राच्या आकाराचे एक वजन एका खिळीवर फिरत असते. कारागीर त्याला रोटर म्हणतात. हात हलला की ते फिरते, ते फिरले की दातेरी चाकांच्या मार्फत कमान गुंडाळली जाते. कमान पुरती भरली की तिचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीवरून घसरते, त्यामुळे ती तुटेपर्यंत आवळली जात नाही. स्वित्झर्लंडच्या अब्राहम-लुई पेर्ले याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खिशातल्या घड्याळासाठी ही युक्ती केली. मनगटी घड्याळात ती आणण्याचे श्रेय १९२०च्या दशकात जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने मिळवले. त्याच्या घड्याळातले वजन पुरते फिरत नसे, दोन टोकांना आपटून परत येई. १९३१ साली रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला, आणि पुढची सारी घराणी त्याच वाटेने गेली.

या यंत्राचा एक गुण आम्हांला फार जवळचा वाटतो. हे घड्याळ माणसाच्या हालचालीवर जगते. काढून ठेवले की दीड-दोन दिवसांत थांबते, आणि वीस वर्षांनी उचलून हलवले तर, तेल अगदीच वाळलेले नसेल तर, पुन्हा चालू लागते. मधल्या वीस वर्षांविषयी ते काहीच सांगत नाही. सांगावे अशी अपेक्षा ठेवणे हीच संग्राहकाची खोड.

आपल्याकडे हा माल बऱ्याच आधीपासून येत होता. फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याचा मुंबईशी संबंध १८६७पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६पासूनची. तिची 'सोवार' घड्याळे फौजेतल्या माणसांच्या हाती असत, आणि आमचा सातारा जिल्हा फौजेत माणसे पाठवणारा, तेव्हा जुन्या घरांतून ती अजूनही निघतात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी घड्याळ ही चोरट्या व्यापाराची वस्तू झाली. सोन्याबरोबर घड्याळेही मुंबईच्या किनाऱ्याला उतरत. याच काळात, १९६१ साली, हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना उभारला. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. 'जनता' हे चावीचे, साधे, कारकुनाला आणि शिक्षकाला परवडणारे घड्याळ. 'कांचन' हे त्याच घरातले थोरामोठ्यांचे: सोन्याचा मुलामा, तारीख, वार, एकवीस ज्वेल्स आणि ऑटोमॅटिक. लग्नाच्या बाजारात कांचनला जेवढा मान होता तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या देशी घड्याळाला मिळाला असेल. 'लग्नाचा बाजार' हा शब्दप्रयोगही आम्ही जाणूनच केला आहे; त्याकडे पुढे यायचे आहे.

जुने घड्याळ ओळखणे म्हणजे काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना समजावणे तुलनेने सोपे आहे. ती पाठचिकित्सा आहे. समोर एक प्रत असते. ती कोणाची, कधीची, मुळात कशी होती आणि मधल्या हातांनी तिच्यात काय घातले, काय गाळले, हे प्रतीतल्याच खुणांवरून ठरवायचे असते. मूळ हस्तलिखित कोणापाशी नसते, आणि विकणारा मनुष्य प्रत्येक प्रत मूळच आहे असे शपथेवर सांगत असतो.

प्रथम पाहायची ती तबकडी. भिंगाखाली धरली की कारखान्याची छपाई आणि हाताने केलेले रंगकाम यांतला फरक दिसू लागतो. कारखान्याची अक्षरे काठाला तीक्ष्ण असतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती किंचित फुगतात, एकमेकांकडे कलतात. मिनिटांच्या रेघा कुठेतरी बिचकतात, बहुधा तारखेच्या खिडकीजवळ किंवा सहाच्या खाली. स्विस घड्याळाच्या तबकडीच्या तळाशी देशाचे नाव बारीक छापलेले असते. रंगवणारा ते कधी विसरतो, कधी जरा जास्तच ठसठशीत लिहितो. त्यानंतर काटे: त्यांची लांबी तबकडीला शोभते का? मिनिटकाटा मिनिटांच्या रेघेपर्यंत पोहोचला नाही तर तो दुसऱ्या घड्याळातून आलेला असण्याचा संभव असतो. मग चावी: तिच्यावरचे चिन्ह केसच्या नावाशी जुळते का? मग मुलामा: कोपऱ्यांवर, पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडांवर आणि पाठीला जिथे मनगटाचा घाम लागतो तिथे तो झिजलेला असणे हे सुलक्षण होय. जुन्या घड्याळाच्या कडा कोऱ्या करकरीत असतील तर त्या घासून पुन्हा मढवल्या आहेत असे समजावे. शेवटी पाठीचे झाकण उघडून मशीन पाहायचे: स्क्रूंच्या खाचा बोथट झाल्या आहेत का, सगळ्या पट्ट्यांचा रंग एक आहे का, का एक पट्टी वेगळ्या घराण्यातून दत्तक आली आहे.

आणि झाकणाच्या आतली बाजू. ही आमची सर्वांत आवडती जागा. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर झाकणाच्या आत सुईच्या टोकाने बारीक खूण कोरून ठेवतो: आपले आद्याक्षर, एखादा आकडा, कधी महिना आणि साल. मालकाला ती दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. पोथीच्या समासात लेखनिकाने केलेल्या नोंदीसारखी ही नोंद असते, आणि ती बहुधा खोटे बोलत नाही, कारण ती विकण्यासाठी लिहिलेली नसते.

जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात 'मुंबई स्पेशल' अशी एक कुत्सित संज्ञा आहे. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घराण्याचे, मशीन दुसऱ्याचे, केस घासून चकचकीत केलेली, असे जोडघड्याळ भारतातून आले की त्याला हे नाव मिळते. फसवणूक करणाऱ्यांचे समर्थन आम्हांला करायचे नाही. आम्हीही एकदा चांगलेच फसलो आहोत. पण या संज्ञेमागे एक इतिहास आहे, तो कुत्सितपणात हरवतो. ज्या देशात सुटे भाग अधिकृतपणे येत नव्हते आणि घड्याळ ही आयुष्यात एकदा मिळणारी वस्तू होती, तिथे मेलेल्या घड्याळाचा काटा जिवंत घड्याळाला लावणे हा धंद्याचा धर्म होता. पाणी जाऊन तबकडी कुजली तर कारागीर ती खरवडून पुन्हा रंगवी, नाव हाताने लिही, आणि घड्याळ आणखी वीस वर्षे चाले. संग्राहकाला तिथे प्रक्षेप दिसतो. ज्याच्या मनगटावर ते होते त्याला दुरुस्ती दिसत होती.

पाठचिकित्सेतही हा पेच जुनाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या वापराने पाठ मळला होता, तो त्यांनी निवडून घेतला. त्या शुद्धीकरणाचे ऋण मराठी वाचकावर किती मोठे आहे हे सांगायला नको. पण त्यांनी बाजूला सारलेल्या ओव्या कोणत्या होत्या, हा प्रश्न अभ्यासकाला सुटत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनी व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही सर्वपरिचित कथा मूळ पाठातून काढली. काढली, पण टाकली नाही. ती परिशिष्टात छापली. जे मूळचे नाही तेही कोणीतरी, कुठेतरी, श्रद्धेने लिहिले होते. ते पानाच्या तळाशी किंवा ग्रंथाच्या शेवटी का होईना, असले पाहिजे. वर्गात हे आम्ही कित्येक वर्षे शिकवत आलो. त्याचा अर्थ आम्हांला आमच्याच कपाटातल्या एका घड्याळाने शिकवला.

ते आमच्या वडिलांचे कांचन. वडील कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत. गावात त्यांना गुरुजी म्हणत, आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांच्या मनगटावर हे घड्याळ आम्ही जन्मापासून पाहिले. आकार धड गोल नाही, धड चौकोनी नाही, तबकडी चंदेरी, वाराची पट्टी हिंदीत. नव्वदीच्या अखेरीस त्यांनी बॅटरीचे घड्याळ घेतले, तसे सगळ्यांनीच घेतले. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने बॅटरीच्या घड्याळांची चव देशाला लावली होती आणि चावीची व ऑटोमॅटिक घड्याळे मागे पडत चालली होती. (पुढे जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली आणि आमच्यासारख्या नादिष्टांची एकदम झुंबड उडाली.) अण्णा गेल्यानंतर कपाट आवरताना ते कांचन रुमालात गुंडाळलेले सापडले. चारदोन वेळा हलवताच सेकंदकाटा फिरू लागला. आमच्या संग्रहातले ते पहिले घड्याळ. बाकीची दहा त्याच्यामागून आली.

पुष्कळ दिवस आम्ही ते तपासलेच नव्हते. आपल्या बापाची प्रत कोणी भिंगाखाली धरत नाही. पण नजर तयार झाली की ती घरच्या वस्तूलाही सोडत नाही. एका रात्री आम्ही ते भिंगाखाली धरले आणि पहिल्याच नजरेत कळून चुकले: तबकडी रंगवलेली होती. नावाची अक्षरे फुगलेली, सातच्या आसपासच्या रेघा वाकड्या, तारखेच्या खिडकीची एक कड जाड. चावी दुसऱ्याच घड्याळाची. झाकण उघडले तर आत चार खुणा कोरलेल्या. त्यांतली एक स्पष्ट वाचता येत होती: एक अक्षर आणि पुढे '८/८५'. म्हणजे ऑगस्ट १९८५. आमच्याच भाषेत बोलायचे तर आमच्या वडिलांचे घड्याळ हे मुंबई स्पेशल होते, फक्त मुंबईऐवजी कराडच्या पेठेतले.

आता संग्राहक काय करील? मूळ तबकडी शोधील. आम्हीही तेच केले. पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, आम्ही दोन वर्षे फेऱ्या घातल्या आणि अखेर एक मेलेले कांचन मिळवले. मशीन गंजलेले, काच फुटलेली, पण तबकडी अभंग: फिकट सोनेरी, रेघा सुतासारख्या. ती अण्णांच्या घड्याळात बसवायची आणि १९८५ साली झालेला प्रक्षेप काढून टाकायचा, असा बेत ठरला.

एकच प्रश्न उरला होता. अण्णांचे घड्याळ नेमके कोणत्या सालचे? कारखान्याचे आकडे पाठीवरून झिजले होते. विकत घेतल्याची पावती असेल म्हणून आम्ही जुनी पत्र्याची ट्रंक उपसली. पावती मिळाली नाही. मिळाली ती एक याद.

पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे: लग्न ठरवताना दोन्ही पक्ष बैठकीला बसतात, देणेघेणे ठरते आणि ते कागदावर उतरवले जाते, त्या कागदाला याद म्हणतात. आमच्या हाती आलेली याद १९८१ सालच्या मार्च महिन्यातली होती. दुरेघी फुलस्केप, चारी कोपऱ्यांना कुंकू, खाली पंचांच्या सह्या आणि दोन अंगठे. मजकुरात पाचव्या ओळीला लिहिले होते: 'वरास एच.एम.टी. कांचन घड्याळ, चावी न देता चालणारे, एक.'

खरे सांगायचे तर आमची पहिली प्रतिक्रिया निव्वळ आनंदाची होती. घड्याळाचे नाव, प्रकार आणि साल एकाच लेखी पुराव्यात! संग्राहक ज्यासाठी जन्म घालवतात ते आमच्या ट्रंकेत होते. 'चावी न देता चालणारे' हा ऑटोमॅटिक शब्दाचा इतका नेटका मराठी पर्याय आमच्या वाचनात नव्हता, त्याचाही आम्हांला हर्ष झाला. त्याच हर्षात आम्ही तो कागद घेऊन आईकडे गेलो.

आईने चष्मा लावला, कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "हे अजून हाय व्हय? मला वाटलं उंदरानं खाल्लं आसंल." मग थोड्या वेळाने: "त्या घड्याळापायी तुझ्या आज्यानं गाभण म्हस इकली."

आईचे माहेर पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. घर पडले. पत्र्याच्या आडोशातून पुन्हा दगडी भिंतींच्या घरात जायला तिच्या वडिलांना बारा वर्षे लागली, आणि भिंती उभ्या राहून दोन वर्षे होतात न होतात तोच ही बैठक झाली. अंगठीवर तडजोड झाली, पोशाखावर झाली, घड्याळावर होईना. मुलगा मास्तर होता, मास्तराला घड्याळ हवे, आणि शेजारच्या गावातल्या एका जावयाला कांचन मिळाले होते. आई आतल्या खोलीत बसून हे सगळे ऐकत होती. "तुझे अण्णा तिथंच बसलं हुतं," ती म्हणाली, "मागितलं त्यांनी न्हाई. पर नगं बी म्हणलं न्हाईत."

१९६१ हे साल आम्ही वर एकदा लिहिले आहे: घड्याळाच्या कारखान्याचे साल म्हणून. हुंडा प्रतिबंधक कायदाही त्याच सालचा. स्वतंत्र देशाने एकाच वर्षी ठरवले की आपण स्वतःची घड्याळे बनवू आणि हुंडा घेणार नाही. वीस वर्षांनी आमच्या आजोळच्या ओसरीवर हे दोन्ही संकल्प एका ओळीत भेटले, पाचव्या ओळीत, आणि त्यांतला एक खरा ठरला. त्या कागदाचा आम्ही पुरावा म्हणून आनंद मानला होता. पुरावा तो होताच. कशाचा, हे आम्ही वाचले नव्हते.

त्यानंतर एक जुनी आठवण आम्हांला स्वस्थ बसू देईना. आम्ही आठवीत असताना अण्णाच आमचे मराठीचे शिक्षक होते. त्या वर्षी त्यांनी वर्गाला 'हुंडा: एक सामाजिक कलंक' हा निबंध घातला होता. मुद्दे त्यांनी फळ्यावर लिहिले, आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. खडू धरलेल्या हाताच्या मनगटावर कांचन होते, आणि त्या हाताच्या हालचालीनेच त्याची कमान भरत होती. त्या निबंधाला आम्हांला दहापैकी साडेसात गुण मिळाले. अण्णा ढोंगी होते असे आम्हांला म्हणायचे नाही. आमच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी याद लिहू दिली नाही, बैठकीतून उठून जाण्याची तयारी दाखवली, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्या दिवशी त्यांच्या हातात बॅटरीचे घड्याळ होते. कांचन काढून ठेवण्याचा आणि या गोष्टीचा काही संबंध होता का, हे विचारायला आता कोणी नाही, आणि आईला ते माहीत नाही. रुमालात गुंडाळून का ठेवले होते, तेही तिला माहीत नाही.

एवढे मात्र तिला माहीत होते की तबकडी १९८५च्या पावसाळ्यात गेली. अण्णा सायकलने शाळेत जात. सततच्या पावसाने घड्याळात पाणी शिरले आणि सोनेरी तबकडीवर काळे डाग पडले. नवी तबकडी मिळेना. कराडच्या एका कारागिराने ती रंगवून दिली, सोनेरी रंग साधला नाही म्हणून चंदेरी. त्याचे पैसे आईने दिले, अंडी विकून साठवलेले. "म्हस गेली ती गेली," असे तेव्हा तिच्या मनात आले, "निदान घड्याळ तरी चालू ऱ्हाऊ दे." म्हणजे ज्याला आम्ही प्रक्षेप म्हणत होतो तो या घड्याळाचा एकमेव भाग असा होता की जो याद करून, कोणाला नमवून मिळवलेला नव्हता. कारखान्यातून आलेली मूळ तबकडी आजोबांच्या म्हशीची होती. रंगवलेली तबकडी आईची होती.

तरीही आम्ही घड्याळ आणि पुण्याची तबकडी घेऊन महामार्गाच्या सेवारस्त्याकडेच्या टपरीत गेलो, कारण मशीनला तेल देणे जरूर होते. तिथे बसणारे चाचा सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनी झाकण उघडले, आतली '८/८५'ची खूण पाहिली आणि म्हणाले, "ही आमच्या उस्तादांची. गुरुजींचं घड्याळ ना?" मग पुण्याची तबकडी चिमट्याने उचलून उजेडात धरली. "ओरिजनल आहे. बसवू?"

आम्ही नको म्हणालो. त्यांनी कारण विचारले नाही. आम्हांला वाटते ते त्यांना ठाऊक असावे, निदान धंद्याच्या बाजूने तरी. त्यांनी मशीन सुटे केले, धुतले, तेल दिले, चावीही आहे तीच ठेवली. झाकण बसवण्याआधी आम्ही त्यांना आत त्यांची खूण करायला सांगितले. अलीकडे कोणी सांगत नाही, म्हणत त्यांनी सुईने उस्तादांच्या खुणेखाली आपले अक्षर आणि साल कोरले. सोनेरी तबकडी आम्ही एका काचेच्या डबीत ठेवली आहे, घड्याळाच्या शेजारी. परिशिष्टात.

याद कुठे ठेवायची हा प्रश्न मात्र सुटला नाही. संग्राहकांच्या रिवाजाप्रमाणे वस्तू आणि कागद एकत्र असावेत. एकत्र असले की वस्तूचे मोल वाढते. हे वाढीव मोल नेमके कशाचे, हे कळल्यापासून आम्हांला ते दोन्ही एका खणात ठेववत नाही. आई म्हणते, फाडून टाक. आम्ही म्हणतो, आजोबांचा अंगठा आहे त्यावर. तूर्त तो कागद पुन्हा ट्रंकेत आहे, या वेळी उंदरांपासून जपून. इतर दहा घड्याळांकडेही आता आम्ही पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. साल, घराणे, ज्वेल्स, मुलामा हे सगळे ओळखता येते. ते कोणी कोणासाठी काय विकून घेतले, याची खूण झाकणाच्या आत कोणी कोरून ठेवत नाही. निदान विचारायला हवे, एवढे आम्ही शिकलो. विकणाऱ्याला आम्ही आता तो प्रश्न विचारतो. बहुतेक जण भाव वाढवण्याची संधी समजून काहीतरी हृदयद्रावक सांगतात. एखादा गप्प बसतो, आणि मग आम्ही घासाघीस करत नाही.

हा मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी आईला वाचून दाखवणे आवश्यक होते. तिने सगळा शांतपणे ऐकला. पाठचिकित्सेचा भाग तिला लांबला असे वाटले. तो आम्ही थोडा कमी केला आहे. अण्णांविषयी लिहिले ते तिने एकदा पुन्हा वाचायला लावले आणि राहू दे म्हणाली. एकाच शब्दावर तिने आम्हांला थांबवले. म्हैस दुभती होती असे आम्ही लिहिले होते. दुभती नव्हे, गाभण. वेताला महिनाच राहिला होता, म्हणून तर भाव आला. तेवढा पाठ वर दुरुस्त केला आहे.